चार मिलिमीटरच्या माशाला वर-खाली कसं कळतं?

झेब्राफिशचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा ते पाण्यापेक्षा किंचित जड असतं. पोहणं थांबलं की ते तळाकडे जायला लागतं. त्याच्या पोटात वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, तयार होत असते, पण ती रिकामी असते. ती भरायची तर पिल्लाला पृष्ठभागापर्यंत जाऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. हे चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास जमायला हवं. नाही जमलं तर पुढचं प्रत्येक पोहणं म्हणजे बुडण्याशी झगडा, आणि अंड्यातून सोबत आणलेला बलक तर संपत आलेला असतो.

वर जायचं म्हणजे कुठे जायचं? पाण्यात लोंबकळणाऱ्या जिवाच्या पायाखाली जमीन नसते. उजेड वरून येतो खरा, पण रात्री आणि गढूळ पाण्यात त्याचा भरवसा नाही. तरीही ही पिल्लं तोंड वर करतात, शेपटीचे छोटे छोटे झटके देत पृष्ठभाग गाठतात आणि हवा गिळतात. अंडं फलित झाल्यापासून चार-पाच दिवसांत, कुणी न शिकवता.

तोल सांभाळणं म्हणजे सरळ राहणं, असं आपण धरून चालतो. या पिल्लाच्या मेंदूत डोकावलं की निराळं चित्र दिसतं. तिथली तोलाची यंत्रणा वर आणि खाली या दोन दिशांना सारखं वागवत नाही. पिल्लाला जे काम करायचं आहे, त्या कामाच्या बाजूला ती झुकलेली आहे. हे कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माशाची ओळख. झेब्राफिश आपल्याच उपखंडातला. भारत, बांगलादेश, नेपाळ इथले संथ ओहोळ, उथळ डबकी, भातखाचरं हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अंगावर निळसर पट्टे असलेला हा मासा फिश टँकच्या दुकानांत झेब्रा डॅनिओ या नावाने मिळतो. त्याला प्रयोगशाळेत मानाचं स्थान दिलं ते अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा गाजलेला शोधनिबंध 1981 चा. पुढे जर्मनीतल्या ट्यूबिंगन आणि अमेरिकेतल्या बॉस्टन इथल्या गटांनी या माशाच्या जनुकांत मुद्दाम बदल घडवून हजारो पिल्लं तपासली, आणि 1996 मध्ये त्याचे निष्कर्ष एकगठ्ठा प्रसिद्ध झाले. त्या चाळणीत काही अशी पिल्लं सापडली जी सरळ पोहूच शकत नव्हती. अशाच एका प्रकारच्या पिल्लांकडे आपण येऊच.

पाच दिवसांचं पिल्लू लांबीने जेमतेम चार मिलिमीटर. आपल्याकडे मत्स्यबीज केंद्रात ज्याला मत्स्यजिरे म्हणतात, साधारण त्या वयाचं आणि मापाचं. आणि ते पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर कातडीतून, कवटीतून आरपार मेंदू दिसतो, धडधडणारं हृदय दिसतं, कानातला खडासुद्धा दिसतो. त्याच्या मेंदूत सुमारे 1 लाख चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे 8,600 कोटी. एवढ्या छोट्या मेंदूत एखाद्या प्रतिक्षिप्त क्रियेची सगळी साखळी, पहिल्या पेशीपासून शेवटच्या स्नायूपर्यंत, हाती लागण्याची शक्यता खरोखर असते.

सुरुवात कानापासून करू. माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण आतला कान असतो. डोळ्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक छोटी पोकळी, आणि प्रत्येक पोकळीत या वयात कॅल्शियम कार्बोनेटचे दोन खडे. यांना ऑटोलिथ म्हणतात. पुढचा खडा ज्या कप्प्यात असतो त्याचं नाव युट्रिकल, आणि तोल सांभाळायचं काम मुख्यतः त्याचं. मागचा खडा प्रामुख्याने ऐकण्यासाठी. युट्रिकलमधल्या खड्याचा व्यास या वयात मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो. मासा वाढतो तसा खडाही थरावर थर चढून वाढतो. मोठ्या माशाच्या खड्यातल्या वलयांवरून मत्स्यशास्त्रज्ञ त्याचं वय सांगतात, आणि लहान पिल्लांच्या खड्यात तर रोजचं एक वलय मोजता येतं.

खडा ज्यावर टेकलेला असतो त्या गादीत केसपेशी असतात. पाच दिवसांच्या पिल्लाच्या एका युट्रिकलमध्ये त्या जेमतेम काही डझन. प्रत्येक केसपेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका, आणि ते केस एका बाजूला चढत्या उंचीने लागलेले. मासा कलला की खडा गुरुत्वाकर्षणाने किंचित सरकतो, झुबका वाकतो. उंच केसांच्या बाजूला वाकला तर पेशीच्या पडद्यातली सूक्ष्म दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी जोरात संदेश पाठवते. उलट बाजूला वाकला तर संदेश मंदावतो. म्हणजे एका केसपेशीला एकच दिशा आवडते. पण गादीवर वेगवेगळ्या पेशींचे झुबके वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. त्यामुळे मासा पुढे कलला, मागे कलला, डाव्या कुशीवर गेला की उजव्या, प्रत्येक वेळी बोलणाऱ्या पेशींचा संच बदलतो. मेंदूला कल कळतो तो या संचावरून.

खड्याचं काम खरंच असं चालतं याचा पहिला देखणा पुरावा फार जुना आहे. 1893 मध्ये व्हिएन्नात आलोइस क्राइड्ल याने कोळंबीवर प्रयोग केला. कोळंबीच्या तोलाच्या अवयवात बाहेरून घेतलेले वाळूचे कण असतात. कात टाकताना ते निघून जातात आणि ती नवे कण भरते. क्राइड्लने तिला वाळूऐवजी लोखंडाचा चुरा दिला. तिने तो भरून घेतला. मग त्याने वर लोहचुंबक धरलं, तर कोळंबी उलटी व्हायला लागली. तिच्या लेखी ‘खाली’ म्हणजे कण ज्या बाजूला ओढले जातात ती बाजू. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हा प्रयोग वाचताना आनंद होतो, कारण एका साध्या युक्तीने त्याने प्रश्नाचं उत्तर प्राण्याच्याच तोंडून वदवून घेतलं.

झेब्राफिशमध्ये हेच उत्तर जनुकांच्या वाटेने मिळालं. ‘मोनोलिथ’ नावाच्या एका प्रकारच्या पिल्लांमध्ये युट्रिकलचा खडा तयारच होत नाही, मागचा मात्र होतो. 2000 मध्ये ब्रूस रायली आणि स्टीफन मूरमन यांनी दाखवलं की तोल आणि जगणं यांसाठी युट्रिकलचा खडा लागतो, मागच्याने भागत नाही. खडा नसलेली पिल्लं कुशीवर पडतात, गिरक्या घेतात, पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत, वाताशय भरत नाही आणि मरतात. सगळं आयुष्य त्या एका कणावर तोललेलं.

आता या अवयवातली एक मोठी अडचण. एसटीने स्टँडवरून जोरात पिकअप घेतला की उभा प्रवासी मागे झुकतो. खड्याचंही तेच. मासा पुढे झेपावला की खडा मागे राहतो. आणि माशाने नुसतं तोंड वर केलं तरी खडा मागेच सरकतो. केसपेशीच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच. कल आणि वेगातली वाढ यांत फरक करणं एकट्या खड्याला भौतिकशास्त्राच्या नियमानेच शक्य नाही.

आपल्याला यात मदत करतात त्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका. त्यांत द्रव असतो, आणि डोकं फिरलं की द्रव मागे राहून फिरण्याची खबर देतो. झेब्राफिशच्या पिल्लात या नलिका तिसऱ्या दिवशीच आकार घेतात, पण नेहमीच्या हालचालींत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. कारण त्या फार बारीक असतात. इतक्या बारीक नळीत द्रव भिंतीला धरून राहतो, डोक्याबरोबरच फिरतो, आणि मागे राहणं म्हणून काही उरतच नाही. मासा साधारण 35 दिवसांचा झाला, नळ्या रुंद झाल्या की मग त्या कामाला लागतात. तोपर्यंत तोलाचा कारभार युट्रिकलवर. संशोधकांच्या दृष्टीने हे मोठं भाग्य आहे, कारण ज्ञानेंद्रिय जवळजवळ एकच, त्यामुळे मेंदूत कुठला संदेश कुठून आला याचा घोळ होत नाही.

मग कल की वेग, हे पिल्लू कसं ओळखतं? एक धागा वेळेचा आहे. झेप क्षणभराची असते, कल टिकतो. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्था बॅग्नल यांच्या गटाने 2022 मध्ये पिल्लाच्या युट्रिकलपासून मेंदूपर्यंतचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी पिल्लाच्या डोक्याचे अतिपातळ काप करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रं घेतलेली होती, आणि त्यांत एकेका चेतातंतूचा माग काढला होता. त्यात दिसलं की तोंड-वर आणि तोंड-खाली या कलांच्या वाटा मेंदूत शिरण्याआधीच वेगळ्या झालेल्या असतात. शिवाय दोन तऱ्हेचे तंतू असतात. आधी जन्मलेले तंतू अचानक बदलाची खबर देतात आणि मुख्यतः पळून जायच्या यंत्रणेला जोडलेले असतात. नंतर जन्मलेले तंतू टिकून राहणाऱ्या कलाची खबर देतात आणि शरीराची ढब व डोळे सांभाळणाऱ्या पेशींना जोडलेले असतात. म्हणजे पिल्लात पहिली तार बांधली जाते ती जीव वाचवायची, सावरायची नंतर.

पुढचा टप्पा डोळ्यांचा. आधी एक छोटा प्रयोग तुम्हीच करून पाहा. हा मजकूर वाचता वाचता मान भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून मोबाईल तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतात. पहिल्या वेळी आतल्या कानाने डोक्याची हालचाल ओळखून डोळे बरोबर उलटे फिरवले, आणि तेही इतक्या झटपट की बघण्यातून मिळणाऱ्या माहितीची वाट पाहावीच लागली नाही. या क्रियेची सर्वांत आखूड साखळी तीनच चेतापेशींची आहे. पहिली कानातून मेंदूत येणारी, दुसरी मेंदूतली, तिसरी डोळ्याच्या स्नायूकडे जाणारी. माशात आणि माणसात ही साखळी मुळात एकच. चक्कर येतेय म्हणून गेलात तर डॉक्टर तुमचं डोकं धरून एकदम झटका देतात आणि डोळे त्यांच्या नाकावर खिळून राहतात का ते बघतात, तेव्हा ते हीच साखळी तपासत असतात.

पिल्लात ही दुसरी चेतापेशी मागच्या मेंदूत, टँजेन्शियल न्यूक्लिअस नावाच्या एका छोट्या पुंजक्यात असते. तिचा तंतू मेंदूची मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो आणि डोळे हलवणाऱ्या चेतापेशींना भिडतो. माशाचे डोळे दोन बाजूंना असतात. त्याने तोंड वर केलं की डोळे खाली फिरतात, तोंड खाली केलं की वर फिरतात, म्हणजे समोरचं जग जागच्या जागी राहतं. एका डोळ्याचे दोन स्नायू डोळा खाली फिरवतात आणि दोन वर. हिशेब सरळ आहे. निम्म्या चेतापेशी एका जोडीला आणि निम्म्या दुसऱ्या जोडीला लागलेल्या असतील, अशी कुणाचीही पहिली अपेक्षा असेल.

डेव्हिड शॉपिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मोजून पाहिलं, तर अपेक्षा साफ चुकली. त्यांनी तपासलेल्या समूहातल्या बहुतेक पेशी डोळे खाली फिरवणाऱ्या बाजूलाच लागलेल्या होत्या, म्हणजे पिल्लाचं तोंड वर झाल्यावर जागी होणारी ही बाजू. त्या सगळ्या पेशींना प्रकाशाने एकदम चेतवलं तर डोळे फक्त खाली फिरले. तरी त्याच पेशी लेझरने मारून टाकल्या तर दोन्ही दिशांची क्रिया बंद पडली, म्हणजे दोन्ही दिशांचं काम या समूहावरच अवलंबून होतं. मग ही एकतर्फी वाटणी कशासाठी?

त्यांनी गणिती प्रतिकृती करून पाहिली. डोळा किती जोराने फिरावा हे पेशींच्या संख्येवर अडून राहत नाही. पेशी थोड्या असल्या तरी प्रत्येकीची पकड घट्ट करून तेवढाच जोर मिळवता येतो. संख्येचा फायदा दुसरीकडे होतो. एकेक चेतापेशी अचूक नसते, तिच्या संदेशात गोंगाट असतो. जितक्या जास्त पेशी एकच गोष्ट मोजतील तितका गोंगाट सरासरीत विरतो आणि मोजमाप बारीक होतं. म्हणजे डोळे दोन्ही बाजूंना सारखेच फिरतात, पण ‘माझं तोंड किती वर आहे’ हे पिल्लाला ‘किती खाली आहे’ यापेक्षा जास्त अचूक कळू शकतं. आणि तोंड वर ठेवणं कधी लागतं? पृष्ठभागावर जाऊन हवा गिळताना. याच पेशी आधीच काढून टाकलेली पिल्लं वाताशय भरू शकली नाहीत. कानामागच्या त्या पुंजक्यातली असमान वाटणी आणि चौथ्या-पाचव्या दिवसाचा तो जीवनमरणाचा घोट, यांची अशी गाठ पडते. मेंदूच्या रचनेतला एखादा तपशील त्या प्राण्याच्या जगण्याशी इतका थेट जोडता येणं फार क्वचित घडतं.

हवा भरली म्हणून सगळं सुटलं असं नाही. आता पिल्लू पाण्यात बऱ्यापैकी तरंगतं, पण डोकं जड असतं. वजनाचं केंद्र पुढे आणि पाण्याचा उचल देणारा रेटा मागे, त्यामुळे स्थिर राहिलं की नाक हळूहळू खाली जायला लागतं. पिल्लू सलग पोहत नाही. शेपटीचा एक झटका, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा झटका. प्रत्येक विश्रांतीत नाक खाली घसरतं आणि प्रत्येक झटक्यात ते सावरलं जातं.

डेव्हिड एर्लिख आणि शॉपिक यांनी पिल्लांचं बाजूने चित्रीकरण करून हे बारकाईने पाहिलं. अगदी लहान पिल्लू झटका कधी मारेल याचा त्याच्या कलाशी फारसा संबंध नसतो. थोडं मोठं झालेलं पिल्लू मात्र तोल ढळला की तेव्हाच झटका मारतं. त्याचा झटका आता पुढे सरकण्याबरोबर सावरण्याचंही काम करतो, आणि तो कधी मारायचा हे कान ठरवायला लागतो. तोल साधण्यात जोर आणि दिशा यांच्याइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे मला या कामातून नव्याने कळलं.

वर चढण्याचंही असंच. चढायचं तर पिल्लू शरीर वळवून तोंड वर करतं आणि त्याच वेळी छातीजवळच्या परांनी उचल घेतं. लहान पिल्लांत या दोन गोष्टींचा मेळ सैल असतो, वयाबरोबर तो घट्ट होतो. युट्रिकल काम करत नसलेल्या पिल्लांत हा मेळ नीट बसत नाही, आणि अनुमस्तिष्कातल्या पुर्किंये पेशी निकामी केल्या तरी बिघडतो. आपल्याही मेंदूत अनेक स्नायूंचा ताळमेळ राखण्याचं काम अनुमस्तिष्काचंच. झेब्राफिशच्या पिल्लांमधल्या पुर्किंये पेशींवर आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही (एनसीबीएस) काम झालं आहे.

कुशीवर कलल्यावर काय होतं ते आणखी वेगळं. बॅग्नल आणि डेव्हिड मॅक्लीन यांनी 2014 मध्ये दाखवलं की पिल्लाच्या मज्जारज्जूत पाठीकडच्या आणि पोटाकडच्या स्नायूंना चालवणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आहेत. पिल्लू कुशीवर पडलं की एका बाजूच्या पाठीकडच्या व पोटाकडच्या स्नायूंना कमीजास्त जोर देऊन शरीराला पीळ दिला जातो आणि ते सुलटं होतं. हे पोहता पोहता सावरणं झालं. थोडासाच कल असेल तर पिल्लू न पोहतासुद्धा सावरतं. जपानच्या ओकाझाकी इथल्या राष्ट्रीय मूलभूत जीवशास्त्र संस्थेत शिन-इची हिगाशिजिमा यांच्या गटाने 2023 मध्ये ही गंमत उलगडली. समजा पिल्लाचा डावा कान खाली गेला आणि उजवा वर आला. पिल्लू वाताशयाजवळ शरीराला हलकासा बाक देतं, उजवीकडे. डोकं आणि शेपटी उजवीकडे सरकतात, वाताशय डावीकडे. आता पाण्याचा वर ढकलणारा रेटा डावीकडे जास्त आणि खाली ओढणारं वजन उजवीकडे जास्त. खाली गेलेली डावी बाजू वर उचलली जाते, वर आलेली उजवी बाजू खाली येते, पिल्लू सरळ. फारशी शक्ती खर्च न करता, फक्त स्वतःची हवा आणि स्वतःचं वजन यांची जागा बदलून. या हालचालीचा हुकूमही पुन्हा त्या टँजेन्शियल न्यूक्लिअसमधून निघतो आणि मध्यमेंदूतल्या एका पुंजक्यामार्गे मज्जारज्जूत उतरतो.

हे सगळं बघायचं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. चेतापेशी जागी झाली की चमकणारं प्रथिन जनुकांतून पिल्लात घालता येतं, त्यामुळे जिवंत मेंदूतली हालचाल प्रकाशाच्या रूपात दिसते. पण त्यासाठी पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली जेलीसारख्या अॅगरमध्ये घट्ट बसवावं लागतं. आणि तोल अभ्यासायचा तर पिल्लू कलवावं लागतं. कलवलं की ते भिंगाखालून हलतं. वर्षानुवर्षं या विषयात हीच अडचण होती, आणि ती सोडवायला जे मार्ग निघाले ते मला मूळ विषयाइतकेच आवडतात.

पॅरिसच्या एका संशोधक गटाने 2018 मध्ये पिल्लाबरोबर अख्खा सूक्ष्मदर्शकच फिरवला, प्रकाशझोत आणि कॅमेऱ्यासकट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पिल्लू हललंच नाही. तिथे लेझर किरणांच्या चिमट्याने कानातला खडा थेट ढकलला. पिल्लू जागच्या जागी, पण त्याच्या मेंदूला वाटलं आपण कललो. डोळे फिरले, शेपटी वळली. प्रकाशाच्या या चिमट्यासाठी आर्थर अॅश्किन यांना 2018 चं नोबेल मिळालं होतं. न्यूयॉर्क विद्यापीठात शॉपिक यांच्या गटाने तिसरी वाट धरली. पिल्लाला एका वेगवान यांत्रिक आरशाच्या बैठकीवर बसवायचं, काही वेळ कलवून ठेवायचं आणि मग काही मिलिसेकंदांत परत भिंगाखाली आडवं आणायचं. चेतापेशी शांत झाली तरी तिची चमक विझायला वेळ लागतो. ती उरलेली चमक मोजली की कलल्यावर ती पेशी किती जागी झाली होती ते कळतं. आणि क्राइड्लची युक्तीही परतली आहे. पॅरिसमध्येच कानात चुंबकीय द्रव सोडून बाहेरच्या चुंबकाने पिल्लाला कलल्याचा भास देण्याचे प्रयोग झाले आहेत.

कानाशिवाय डोळेही तोलात भाग घेतात. माशाची पाठ उजेडाकडे राहू पाहते. 1930 च्या दशकात एरिक फॉन होल्स्ट याने माशांवर बाजूने प्रकाश टाकला, तेव्हा मासे त्या बाजूला थोडे कलले. कान एकीकडे ओढतो, डोळा दुसरीकडे, आणि मासा मधल्या कोनात स्थिरावतो. खड्यांची खबर बंद केली तर तो पूर्ण उजेडाकडेच कलतो. 1973 मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब अंतराळस्थानकात ममिचॉग जातीचे दोन छोटे मासे आणि 50 अंडी नेली होती. वजनरहित अवस्थेत खड्यांना काही सांगण्यासारखं उरलं नाही. मासे सुरुवातीला गोल गोल कोलांट्या घेत राहिले. काही दिवसांनी ते सावरले आणि स्थानकातल्या दिव्याकडे पाठ करून पोहू लागले. तिथेच अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं मात्र नीट पोहत होती. खड्याचा भार त्यांनी कधी अनुभवलाच नव्हता, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं.

एक प्रश्न बरीच वर्षं अडून होता. कानाकडून आलेल्या तोंड-वरच्या तारा नेमक्या डोळे खाली फिरवणाऱ्या पेशींपर्यंतच कशा जातात? सांधा चुकला तर डोळे भलतीकडे फिरतील. जुना समज असा होता की साखळीच्या शेवटी असलेल्या, स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मागे संदेश पाठवून मधल्या पेशींना त्यांची भूमिका ठरवून देतात. शॉपिक यांच्या गटाने 2024 मध्ये असं पिल्लू घेतलं ज्यात डोळे हलवणाऱ्या त्या चेतापेशी जनुकातल्या बदलामुळे तयारच होत नाहीत. डोळे फिरवणारं कुणी नाही, पण कानातून संदेश येतोच आहे. त्यांनी पिल्लाला कलवलं आणि मधल्या पेशी पाहिल्या. तोंड वर केल्यावर ज्यांनी चमकायला हवं होतं त्याच चमकल्या, तोंड खाली केल्यावर ज्यांनी चमकायला हवं होतं त्याही चमकल्या. त्यांच्या जागा बरोबर होत्या, आणि पुढे जोडलं जाण्याची त्यांची तयारीही जवळजवळ तशीच होती. म्हणजे मधल्या पेशीला आपलं काम कळायला शेवटच्या पेशीची गरज नाही. याच गटाने 2023 मध्ये दाखवलं होतं की या पेशी केव्हा जन्मल्या याचा त्यांच्या पुंजक्यातल्या जागेशी आणि कामाशी संबंध असतो. आता शोध चालला आहे तो जन्माच्या वेळी त्यांच्यात कोणती जनुकं जागी होतात आणि त्यांतलं कोणतं जनुक ‘वर’ आणि ‘खाली’ असा फरक पाडतं याचा.